ब्रशातला केस कुणाचा?

आज दाढीच्या ब्रशाबद्दल बोलायचं आहे. हसू नका बरं! दाढी करणारे ते आणि ब्रशाची चर्चा आपण काहून करायची, असं कुणाला वाटेल. पण घरात हा ब्रश आणतं कोण, ते आठवून पाहा. आठवडी बाजारातून तेल, साबण, कंगवा, ब्लेडचं पाकीट आणि ब्रश बऱ्याच घरी आपणच पिशवीत टाकून आणतो. आपल्या गटातल्या कितीतरी जणींचं स्वतःचं छोटं जनरल दुकान आहे, तिथंही हा ब्रश दोरीला टांगलेला असतो. म्हणजे आपण तो घेतो आणि विकतोही. मग त्याच्या टोकाला जो केसांचा झुपका असतो, तो आला कुठून, हे आपल्याला माहीत असायला हवं. त्या झुपक्याचा इतिहास मोठा आहे. त्यात एक महायुद्ध आहे, एक रोग आहे, आणि आपल्या धुऱ्यावरचं मुंगूसही आहे.

आपल्या वऱ्हाडातल्या गावात पूर्वी हा ब्रश नव्हताच. गावचा न्हावी काखेत धोकटी घेऊन यायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी. निंबाच्या सावलीत नाही तर ओसरीवर माणूस मांडी घालून बसायचा. न्हावी बोटं पाण्यात बुडवून गालावर चोळायचा. पाण्यानं आणि बोटांच्या चोळण्यानंच केस मऊ व्हायचे. साबण नाही, फेस नाही. धार चांगली आणि हात सराईत असला म्हणजे झालं.

या कामाचे पैसे रोज मिळत नसत. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर सेवा करायची आणि सुगी आली की खळ्यावर जाऊन ज्वारीचं बलुतं घ्यायचं. न्हावीणबाईलाही काम असे. लग्नघरी नवरीची नखं काढायला, हळदीच्या वेळी हाताशी तीच असायची. वारकरी संतांमध्ये सेना महाराज न्हावी समाजातले. त्यांनी आपल्या धंद्यातला आरसा आणि पाणी थेट अभंगात आणून परमार्थ सांगितला. म्हणजे या कामाला मान होता. पण खरं सांगायचं तर ही सेवा सगळ्या गावाला सारखी मिळत नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या गालाला गावचा न्हावी हात लावत नसे. त्यांना आपसातच एकमेकांची हजामत करावी लागे. तेव्हा स्वतःचं सामान आणि स्वतःच्या हातानं दाढी, ही गोष्ट पुढे आली तेव्हा ती नुसती सोय नव्हती. कुणाच्या ओसरीवर ताटकळत बसण्यातून ती सुटकाही होती.

ब्रश आला तो साहेबाबरोबर. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. या गाडीनं आपला कापूस बाहेर नेला आणि येताना कापड, काचसामान, साबण असा माल आणला. साहेबाच्या बंगल्यावर दाढीचा साबण आणि ब्रश असायचा. मग कचेरीतले कारकून, वकील, शाळामास्तर यांच्याकडे तो गेला, आणि हळूहळू शहरातल्या न्हाव्याच्या दुकानात. आपल्या भाषेत त्याला वेगळं नाव पडलंच नाही. ब्रश तो ब्रशच राहिला.

आता हा ब्रश करतो काय? साबणात पाणी आणि हवा मिसळून दाट फेस काढतो, गालावर गोल फिरताना आडवे पडलेले केस उभे करतो, आणि कातडीवर ओलावा धरून ठेवतो. मग पातं घसरून चालतं, खरवडत नाही. यासाठी असा केस लागतो, जो भरपूर पाणी धरेल, टोकाला मऊ असेल आणि बुडाला जरा ताठ असेल. युरोपातल्या कारागिरांना असा केस सापडला तो बॅजर नावाच्या जनावराच्या अंगावर. हे जनावर युरोपात आणि आशियाच्या थंड भागात राहतं. बुटकं, अंगानं जाड, लांब नख्यांनी जमीन उकरून बिळात राहणारं. तोंडावर काळे-पांढरे पट्टे. त्याचा एकेक केस बुडाशी फिकट, मध्ये काळा आणि टोकाला पांढरा असतो. फ्रान्समध्ये तर या जनावराला जो शब्द, तोच दाढीच्या ब्रशालाही. इतकं ते नातं घट्ट झालं.

आपल्याकडे हे बॅजर नाही. त्याचं दूरचं भाऊबंद म्हणता येईल असं एक जनावर आपल्याकडे आहे, चांदी अस्वल. पाठ करड्या-पांढऱ्या रंगाची, पोट आणि पाय काळे, मधाचं वेड. आपल्या कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे, म्हणून त्याच्या केसाचा प्रश्नच येत नाही. इंग्लंडमध्येही १९७३ साली बॅजरला संरक्षण देणारा कायदा झाला. तरी बॅजरचे ब्रश आजही विकले जातात, कारण त्यांचा केस बहुतेक चीनमधून येतो. मारल्याशिवाय तो केस मिळत नाही. मेंढीची लोकर कातरून घेता येते, मेंढी पुन्हा चरायला जाते. इथं तसं नाही.

बॅजरचा केस पहिल्यापासून महाग. आणि जी वस्तू महाग, तिची नक्कल आलीच. घोड्याचा केस घ्यायचा, त्याला मध्ये काळा रंग द्यायचा, टोक फिकट ठेवायचं आणि बॅजरसारखा दिसणारा ब्रश स्वस्तात विकायचा. बाजाराची ही युक्ती पहिल्या महायुद्धात माणसांच्या जिवावर उठली. ते कसं, ते नीट ऐका, कारण त्यातला रोग आपल्या गोठ्यातलाच आहे.

१९१४ साली युद्ध पेटलं. त्यात विषारी वायू वापरला गेला, आणि त्यापासून बचावाचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला दाढी गुळगुळीत लागे. अमेरिकेनं तर आपल्या लाखो सैनिकांना दाढीचं सामान सरकारी खर्चानं दिलं. एकाएकी ब्रशांची प्रचंड मागणी आली. युद्धापूर्वी चीन, सायबेरिया, रशिया इथला घोड्याचा केस बराचसा जर्मनी आणि फ्रान्समार्गे जायचा. तिथं तो निवडला जाई, धुऊन निर्जंतुक केला जाई. युद्धामुळे तो रस्ताच बंद झाला. केस थेट कारखान्यात जाऊ लागला आणि निर्जंतुक करणं राहून गेलं.

त्या केसांत काळपुळीचे जंतू होते. काळपुळी म्हणजे आपण ज्याला फाशी म्हणतो तोच जनावरांचा रोग, इंग्रजी नाव अँथ्रॅक्स. तुम्हाला ठाऊक आहे, फाशीनं जनावर चटकन मरतं, नाकातोंडातून काळपट रक्त येतं. या जंतूचं बी फार चिवट. जमिनीत, कातड्यात, केसात ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दाढी करताना गालाला बारीकशी चीर पडते, ती आपल्याला दिसतही नाही. त्या चिरेतून हे बी अंगात शिरलं. गालावर, मानेवर पुळी यायची, ती दुखायची नाही, मग मध्ये काळी खपली धरायची आणि भोवती सूज चढायची. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. काही जण वाचले, काही दगावले. १९१५ ते १९२४ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सैनिक आणि साधी माणसं मिळून असे दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि शोध घेत गेल्यावर बोट दाढीच्या ब्रशाकडे आलं. ब्रिटननं १९१९ साली काळपुळी रोखण्यासाठी वेगळा कायदाच केला.

यातून आपण घ्यायचं काय? एक म्हणजे गोठ्यात जनावर असं अचानक मेलं तर त्याचं कातडं काढू देऊ नका, ते उघड्यावर टाकू नका, आधी पशुवैद्यकाला कळवा. दुसरं असं की ज्या सैनिकाच्या हातात तो ब्रश पडला, त्याला केस कुणाचा, कुठला, धुतलेला की न धुतलेला, यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं विचारायचं तरी कुणाला? केस काढणारा एका देशात, रंगवणारा दुसऱ्या, विकणारा तिसऱ्या. साखळी जितकी लांब, तितकं विचारणं अवघड.

पण विचारलं की फरक पडतो, याचं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे, आणि तेही त्याच काळातलं. पूर्वी साबणात जनावराची चरबी असायची. कित्येक घरांत म्हणूनच साबणाला शिवत नसत. स्वदेशीच्या वाऱ्यात हा प्रश्न मोठ्यानं विचारला गेला. मुंबईच्या गोदरेज कारखान्यानं १९१८ साली वनस्पती तेलापासून साबण काढला आणि त्यात चरबी नाही हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं. लोकांनी तो घेतला. आज साबणाच्या वेष्टनावर काय लिहिलंय ते आपण वाचतो. मात्र त्याच साबणाचा फेस ज्यानं काढायचा, त्या ब्रशाच्या केसाबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. साबणात चरबी चालत नव्हती, ब्रशात मेलेल्या जनावराचा केस मात्र चालून गेला.

तो चालून गेल्याची किंमत आपल्या भागात मुंगूस मोजतं. मुंगसाचा केस बारीक, लवचिक आणि टोकाला निमुळता असतो. चित्रकारांच्या ब्रशासाठी त्याला मोठी मागणी, आणि काही प्रमाणात दाढीच्या ब्रशासाठीही तो वापरला गेला. मुंगसाला आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि २००२ मध्ये ते आणखी कडक झालं. मुंगूस मारणं, त्याचा केस बाळगणं, त्याचा ब्रश विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तरी धंदा चालू राहिला. २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं देशभर एकाच वेळी छापे घातले. त्यात चोपन्न हजारांहून जास्त ब्रश आणि ११३ किलो कच्चा केस सापडला. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात, एक किलो केसासाठी सुमारे पन्नास मुंगसं मारावी लागतात. आता हिशेब आपणच करू. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला तो अवघड नाही. ११३ गुणिले ५० म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक मुंगसं, आणि तीही नुसत्या सुट्या केसाची. तयार ब्रशांची मुंगसं यात धरलेलीच नाहीत.

मुंगूस म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या बाईला सांगायला नको. पऱ्हाटीच्या तासातून सर्रकन जातं, धुऱ्यावर उभं राहून वळून पाहतं. कधी कोंबडीची पिल्लं नेतं, हेही खरं, आणि तेव्हा आपण त्याला शिव्या देतो. पण तेच मुंगूस उंदीर खातं, किडे खातं आणि सापाला अंगणाच्या आसपास टिकू देत नाही. निंदायला, वेचायला वाकून आपण शेतात असतो. हात कुठं पडतोय ते प्रत्येक वेळी दिसत नाही. सोयाबीनच्या गंजीखाली, तुरीच्या पाल्यात काय बसलंय ते आधी मुंगसाला कळतं. ज्या शिवारातून मुंगसं गेली, तिथं उंदीर वाढणार आणि उंदरांमागे साप येणार. आणि साप चावण्याची पहिली पाळी वेचणाऱ्या बाईच्या हातावर येते. शहरातल्या कुणाच्या तरी गालावरचा मऊपणा आणि आपल्या शिवारातला धोका, यांचा संबंध असा आहे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. छापा पडला की आधी सापडतो तो फासे लावणारा गरीब माणूस. त्याच्या हाती थोडे पैसे आलेले असतात. माल पुढे हातोहात जातो, भाव चढत जातो आणि नफा दूर कुठंतरी होतो. म्हणून फासेवाल्याला गावात बदडून हा धंदा थांबायचा नाही. शेवटी जिथं पैसे मोजले जातात, तिथं नको म्हणणारं माणूस पाहिजे.

नको म्हणण्याचा इतिहास दाढी-हजामतीच्या धंद्यातच सापडतो, आणि तो आपल्या बायांच्या फार जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि आणखी काही उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बाईचं डोकं भादरलं जाई. वय आठ असो की ऐंशी. तिला कुणी विचारत नसे. घरचे न्हाव्याला बोलावत, न्हावी येई, वस्तरा चाले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. त्या सभेत न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्यावर आमचा वस्तरा चालणार नाही. हत्यार त्यांच्या हातात होतं, ते कशासाठी चालवायचं ते त्यांनी ठरवलं. एका सभेनं रूढी मोडली नाही, ती मोडायला पुढे बरीच वर्षं लागली. पण ज्यांच्याशिवाय ती रूढी चालूच शकत नव्हती, त्यांनी हात मागे घेतला, ही बातमी पार विलायतेच्या वर्तमानपत्रात गेली.

आपल्या हातात वस्तरा नाही, पण पिशवी आहे आणि पैशाची पुरचुंडी आहे. दुकानवाल्या मैत्रिणींच्या हातात तर मालाची यादी आहे. तेव्हा ब्रश घेताना काय पाहायचं, ते आता सांगते.

बाजारात चार तऱ्हेचे ब्रश मिळतात. एक बॅजरचा, तो महाग, हजारांत जातो, आणि आपल्या बाजारात क्वचितच दिसतो. दुसरा डुकराच्या राठ केसाचा. तो सुरुवातीला टोचतो, वापरून मऊ होतो. बऱ्याच घरांत, विशेषतः मुसलमान बहिणींच्या घरी, तो चालणार नाही. त्यामुळे विकताना तो कशाचा आहे हे सांगणं दुकानदाराचं कर्तव्यच आहे. तिसरा घोड्याच्या केसाचा. घोड्याची शेपटी, आयाळ कातरून तो मिळू शकतो, पण तो नीट निर्जंतुक केलेला हवा. चौथा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा. नायलॉनचा धागा पहिल्यांदा बाजारात आला तोच १९३८ साली दातांच्या ब्रशात. पूर्वीचा नायलॉनचा ब्रश राठ असे, पाणी धरत नसे. आता बारीक, टोकाला निमुळता धागा निघतो, तो फेस चांगला काढतो, लवकर वाळतो आणि त्यात कुणाचा जीव गेलेला नसतो. तो प्लास्टिकचा आहे, मातीत कुजत नाही, हा त्याचा दोष. म्हणून एकच चांगला घ्यावा आणि पुष्कळ वर्षं वापरावा.

दुकानदार सांगेल त्यावर जायचं नसेल तर घरी एक खूण करून पाहा. ब्रशाचा एकच केस उपटून चिमट्यात धरा आणि काडीच्या जाळावर न्या. जनावराचा केस असेल तर केस जळाल्याचा वास येईल आणि चुरगळली की राख होईल. धागा कृत्रिम असेल तर तो वितळून टोकाला कडक गोळी धरेल. मुंगसाच्या केसाची आणखी एक खूण आहे. एकाच केसावर गडद आणि फिकट असे पट्टे एकाआड एक, अनेक वेळा येतात. बॅजरच्या केसाला मध्ये एकच रुंद काळा पट्टा असतो. शंका आली तर तो माल घेऊ नका. आणि मुंगसासाठी फासे लागलेत किंवा केस विकला जातोय असं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

ब्रश कुठलाही असो, तो एका माणसाचा एकच असावा. बाप-लेकांनीही एकच वापरू नये. दाढी झाली की साबण पूर्ण धुऊन, झटकून, केस खाली येतील असा टांगून वाळवावा. ओला ब्रश डबीत कोंबला की त्यात बुरशी धरते, आणि मग गालावर पुरळ आलं की आपण साबणाला दोष देतो. सलूनमध्ये नवं ब्लेड मागायची सवय आता बऱ्याच पुरुषांना लागली आहे. ब्रश धुतलाय का, हेही विचारायला आपल्या पोरांना शिकवा. आणि ब्रश घ्यायचाच नसेल तर घेऊ नका. कोमट पाणी, साबण आणि बोटं यांनीही दाढी होते. गावच्या न्हाव्यानं पिढ्यान् पिढ्या तशीच केली.

या महिन्याच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की पाच मिनिटं यावर बोला. ज्यांचं दुकान आहे त्यांनी ठोक व्यापाऱ्याला एकदा विचारावं, हा केस कशाचा? त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या खेपेला तो माल मागवू नये. बरं तर मैत्रिणींनो, येते.